जांभळ्या अक्षराचा डबा

वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांना आता नवे आकडे लावायचं काम चालू आहे. पाठीवरचा जुना कागद ओल्या फडक्याने भिजवायचा, हलक्या हाताने सोलायचा आणि तिथे काळ्या पट्ट्यांची चिकटपट्टी लावायची. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण जुनी पुस्तकं कुठे कोणती आहेत हे मलाच ठाऊक, म्हणून बोलावलं. पहिल्याच दिवशी फडकं जांभळं झालं. कागदाला पाणी लागलं की त्यावरची जांभळी अक्षरं विरघळतात, थोडा वेळ फुलासारखी पसरतात आणि मग फडक्यात उतरतात. त्याच आठवड्यात साताऱ्याहून फोन आला होता, यादवकाका गेले. नव्वदीच्या आसपास होते. मी दुपारभर पुस्तकं सोलत बसले आणि ते फडकं काही धुतलं नाही.

दिनकर यादव हे त्यांचं नाव. वाशीला रेल्वे येऊन दोन-तीन वर्षंच झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचं वाचनालय सिडकोच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. मागच्या भिंतीला लागून एक लांबोळकी खोली होती, तिच्यात काही हौशी लोकांनी हवेच्या बंदुकीने नेमबाजी शिकवायचा वर्ग सुरू केला होता. दहा मीटर अंतर, पलीकडे पुठ्ठ्याची वर्तुळं, त्यांच्यामागे लोखंडी पत्रा. संध्याकाळी वाचायला बसलेल्यांना भिंतीपलीकडून ‘टक्’ असा बारीक आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ‘टक्’. खाडीकडून वारा आला की चिखलाचा आणि मिठाचा वास खोलीभर फिरायचा. पंख्याखाली पानं उलटली जायची. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की वर्गाला सुट्टी असली की वाचकांचं वाचनात लक्ष लागायचं नाही.

त्या वर्गावर शिकवणारे यादवकाका. ठेंगणे, मान किंचित डावीकडे कललेली, सदऱ्याच्या खिशात कॉपिंग पेन्सिल. ती पेन्सिल जिभेला लावून ओली केली की जांभळं उमटतं. त्यामुळे काकांच्या खालच्या ओठावर कायम एक जांभळा ठिपका असे. उभी हयात साताऱ्यात एका परवानाधारक बंदुकीच्या दुकानात कारागीर म्हणून गेलेली. मुलाला तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याने वाशीत घर घेतलं आणि काका-काकू इकडे आले.

वर्गाच्या आधी तासभर ते वाचनालयात येत. वाचायला पुस्तक त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांना जिल्ह्यांची वर्तमानपत्रं लागत. आमच्याकडे सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगड अशी सगळीकडची येत, एकेक दिवस उशिरा. काका पहिलं पान न बघताच उलटायचे आणि आतल्या बारीक बातम्यांवर बोट ठेवून ओळीओळीने खाली जायचे. शेवटच्या ओळीशी आले की घडी घालायची, पुढचं घ्यायचं. मला वाटायचं, गावाची ओढ. देशावरून आलेली पुष्कळ माणसं तशी वाचायची. आपल्याकडे पाऊस झाला का, कोण वारलं, कुणाचा सत्कार झाला.

आमची ओळख झाली ती एका चुकीमुळे. पाकशास्त्राच्या एका पुस्तकाला कुणीतरी ज्योतिषाचा क्रमांक चिकटवला होता. काका ते घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

“बाई, हे वर एक आणि आत एक आहे.”

मी म्हटलं, असू दे काका, मला माहीत आहे ते कुठलं आहे.

त्यांनी माझ्याकडे इतकं टक लावून बघितलं, की मला वाटलं मी काही अपशब्द बोलले. मग शांतपणे म्हणाले, “तुम्हाला माहीत आहे. पुस्तकाला माहीत नाही.” आणि खिशातून पेन्सिल काढून, ओली करून, कागदाच्या तुकड्यावर नवा क्रमांक लिहून दिला. अक्षर ठसठशीत. प्रत्येक शब्दाखाली एक बारीक रेघ आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक ठिपका. कोपऱ्यात सही, ‘दि. या.’, आणि वार.

त्यानंतर वर्षभरात त्यांनी आमच्या निम्म्या वाचनालयाच्या पाठी लिहून काढल्या. चिकटवायच्या आधी प्रत्येक पुस्तक उघडून आतलं पान पाहायचे. मी म्हणायचे, यादीवरून लिहा ना, लवकर होईल. ते हसायचे. लवकर कशाला करायचं, हे त्यांना खरोखरच कळत नसे.

एकदा काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हा त्यांचं स्वयंपाकघर पाहिलं. मांडणीवरच्या प्रत्येक डब्याला जांभळी चिठ्ठी. ‘तूरडाळ. भरली सोमवारी. दि. या.’ ‘मीठ. भरलं शनिवारी. दि. या.’ पाण्याच्या पिंपालासुद्धा ‘पाणी’. काकू कोरेगावच्या, बोलायला एकदम मोकळ्या. माझी नजर फिरताना पाहून म्हणाल्या, “बग गं पोरी. एक दिस माज्या पाटीवर बी डकवत्याल. ‘बायको. म्हायेर कोरेगाव. भरली लग्नात.’”

काका आतल्या खोलीतून म्हणाले, “तिथं चिठ्ठी कशाला? झाकण सारखं उघडंच असतं.”

काकू हसून हसून पदर तोंडाशी नेऊ लागल्या. पण मी निघताना दारात त्यांनी मला हळूच सांगितलं की हे आधी असे नव्हते. इकडे आल्यावर लागलं हे खूळ. डबा भरला आणि चिठ्ठी लावायची राहिली तर या माणसाला जेवण जात नाही. का, ते सांगत नाहीत.

वर्गात काका फारसे बोलत नसत. मुलांच्या मागे उभे राहायचे. कुणाचा श्वास चुकला की खांद्यावर एक बोट ठेवायचे, तेवढंच. त्यांचं जास्त लक्ष नेमापेक्षा हत्याराकडे. नवं कुणी बंदूक घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, “ही आधी कुणाकडे होती?”

तळवलीचे कमळाकर पाटील आपल्या मुलीला, वैशालीला, त्या वर्गाला घालायला आले तेव्हा हाच प्रश्न त्यांना विचारला गेला. कमळाकर बाजारात टेम्पो चालवायचे. मुलीचा हात स्थिर आहे असं कुणीतरी म्हणालं, म्हणून त्यांनी हौसेने एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेली बंदूक घेतली होती. लाकडाला तेल लावून चकचकीत केलेली.

“नवीसारखी हाय काका. आनि मानूस पन चांगला हाय, चाय पाजल्याबिगर सोडला नाय मना.”

त्या बंदुकीची नळी मध्येच मोडून उघडायची, मागच्या तोंडात बोटाने छरा ठेवायचा आणि नळी पुन्हा मिटवायची, अशी रचना होती. काकांनी नळी उघडली. मुलगी जिथे बोट घालणार तिथे त्यांनी फळ्याचा एक खडू धरला. मग दस्ता जमिनीवर जरासा आपटला. चापाला कुणी हात लावलेला नव्हता. नळी खाडकन मिटली आणि खडूचा भुगा त्यांच्या पायावर पडला.

वैशालीने आपला अंगठा मुठीत घेतला.

काकांनी बंदूक उघडून दाखवली. आत चापाच्या खटक्यावर कानस चालवलेली होती. चाप हलका व्हावा म्हणून कुणीतरी घासला होता. कमळाकर म्हणाले, त्या माणसाने तर असं काही सांगितलं नाही. काका म्हणाले, त्याला ठाऊक तरी असेल का? त्यानेही कुणाकडून घेतली असेल.

“वस्तू जुनी असण्यात वाईट काही नाही,” असं ते त्या दिवशी म्हणाले. “तिच्यावरून कोणकोणते हात फिरले ते वस्तू सांगत नाही. इकणाऱ्यानं सांगावं लागतं. आणि तो चांगला माणूस असला तरी विसरतो.”

‘विसरतो’ म्हणताना आवाज जरा खाली गेला. ते मला पुढे आठवलं.

वैशालीला मग वर्गाची बंदूक मिळाली. ती आत शिकायची तोवर कमळाकर वाचनालयात बसून राहायचे. वाचायचा त्यांना कंटाळा, म्हणून कपाटांवरून नजर फिरवत बसायचे. भात पिवळं पडायच्या दिवसांत, एका शनिवारी, असेच बसले असताना मला म्हणाले, “मॅडम, ह्यो जांभला अक्षर कोनाचा?”

मी काकांकडे बोट दाखवलं. ते सांगलीच्या पानावर बोट ठेवून बसले होते.

“असाच अक्षर आमच्या मामाकडं हाय. उरनला. बंदुकीच्या दारूचा डबा हाय, त्याच्यावर. अशीच रेघ आनि दोन ठिपकं.”

काकांचं बोट ओळीवर थांबलं. मी अजून ते बोट पाहू शकते. त्यांनी विचारलं, डब्यावर काय लिहिलंय? कमळाकरांनी आठवून सांगितलं. काकांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग विचारलं, मामांनी त्यातली दारू वापरली का?

कमळाकरांना नक्की माहीत नव्हतं. मामाकडे शेताच्या राखणीची परवान्याची बंदूक होती. भात तयार झालं की डोंगराकडून रानडुकरं उतरतात, त्यांना हाकलायला बार काढायचे. विकतची काडतुसं संपत आली आहेत, आता घरी भरलेली काढायची, असं मामा गेल्याच आठवड्यात म्हणाला होता.

“उद्या जायचं,” काका म्हणाले. “आणि आज निरोप पोचवायचा, की त्या डब्याला हात लावू नका.” मामांच्या गल्लीत एका दुकानात फोन होता. माझ्या टेबलावरूनच तो लावला. पलीकडच्या माणसाने सांगतो म्हटलं. सांगितलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

वैशालीला घेऊन कमळाकर गेले. दिवे लावायची वेळ झाली होती. मी विचारलं नाही, पण काका आपण होऊन बोलले. ते एवढं सलग बोलले, असं तेवढं एकदाच.

साताऱ्याला त्यांची स्वतःची बंदूक होती, आणि रिकामी काडतुसं पुन्हा भरायचं सगळं सामान होतं. इकडे येताना बंदूक जमा केली आणि सामान एका बागायतदाराला विकलं. कागद नीट, परवाना पाहिलेला. आवराआवरीच्या दिवसांत दारूचा एक डबा गंजून तळाशी फुटू लागला होता. दुसरा एक चांगला डबा रिकामा पडला होता. काकांनी यातली त्यात ओतली. चांगला डबा टाकवला नाही. त्याच्यावर आधीच्या दारूचं नाव त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ते बदलायचं राहून गेलं.

“दिसायला दोन्ही सारख्याच, बाई. काळपट चकत्या. पण एक सावकाश पेटते, एक झटक्यात. सावकाशीच्या मापानं झटक्याची भरली, तर नळी फाटते. नळीपाशी माणसाचा डावा हात असतो. आणि वर तोंड.”

वाशीला येऊन महिना झाला असेल. घाईत काकूंनी मीठ साखरेच्या डब्यात भरलं होतं. सकाळी चहाचा पहिला घोट खारट लागला आणि काकांना तो डबा आठवला. त्याच दिवशी ते साताऱ्याला गेले. बागायतदार वारले होते. मुलांनी सामान कुणाला तरी देऊन टाकलं होतं, त्याने पुढे आणखी कुणाला. काकांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, ओळखीच्या सगळ्या दुकानांना पत्रं लिहिली. डबा सापडला नाही.

मग मला ती वर्तमानपत्रं कळली. जिल्ह्याजिल्ह्याच्या बारीक बातम्यांत ते रोज एक बातमी शोधत होते, आणि ती सापडू नये म्हणून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. वाचनालय बंद असतं, म्हणून मीही गेले. का गेले, सांगता येणार नाही. काका एकटे जाऊ नयेत असं वाटलं. कमळाकर, काका आणि मी एसटीत होतो. उरणचा रस्ता तेव्हा मोकळा होता. दोन्ही बाजूंना मिठागरं, त्यांत आभाळ पडलेलं. बगळे आपल्याच प्रतिबिंबावर उभे राहिल्यासारखे दिसत. मध्येच रचलेल्या कंटेनरांच्या लाल-निळ्या भिंती यायच्या आणि पुन्हा पाणी. मला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. काकांनी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. हातांच्या मुठी गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

कमळाकरांचे मामा, धर्मामामा, ओटीवर सुपारी कातरत होते. दोन्ही हात धड. काकांनी आधी ते हात पाहिले, मग माणसाचं तोंड पाहिलं, आणि तिथेच पायरीवर बसले. मामी पाणी घेऊन आल्या, ते तांब्यातलं सगळं प्यायले.

फोनचा निरोप पोचला नव्हता. डबा कोनाड्यात होता. शेजारी नुकतीच भरलेली सहा काडतुसं, तोंडाला मेण लावून ओळीने उभी. विकतची परवाच संपली होती, आज रात्रीपासून ही काढायची होती. डबा कुठून आला ते मामांनी सांगितलं. तुर्भ्याच्या बाजारात साताऱ्याकडचा एक व्यापारी होता, त्याच्याकडून. म्हणजे काका पत्रं लिहीत होते त्या वर्षांत कधीतरी तो डबा त्यांच्या घराजवळच्या रस्त्यानेच गेला असणार.

काका म्हणाले, हे मला द्या. मामांना ते पटेना.

“द्या म्हंजे? माल चांगला हाय. कोरडा खनखनीत. पावसाल्यात पन पानी लागू दिला नाय मी. आनि एवढा झ्याक अक्षर काढलाय वर, तो काय येड्यानं लिवलाय?”

काका उठून उभे राहिले. सदरा नीट केला, जसं कुणी कोर्टात उभं राहताना करील.

“ते अक्षर माझं आहे,” ते म्हणाले. “आणि ते खोटं आहे.”

मामांचा अडकित्ता थांबला. मामी दारातून आत जाता जाता वळल्या. मामांनी विचारलं, आवाज उतरवून, “मंग खोटा लिवला कशाला?”

“लिहिलं तेव्हा खरं होतं. मग आतली वस्तू बदलली. मी म्हटलं, मला ठाऊक आहे म्हणजे झालं.”

मामांनी कोनाड्याकडे पाहिलं. मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, बोटं एकदा मिटली, उघडली. उठले, डबा आणला, काडतुसं आणली आणि काकांच्या पायाशी ठेवली. “घे बाबा,” एवढंच म्हणाले. मामींनी कुणाला न विचारता चहा टाकला.

काकांनी ओटीवर बसून सहाही काडतुसं उघडली. फार सावकाश. ते काम त्यांनी कुणाला जवळ येऊन पाहू दिलं नाही, विस्तवही दूर ठेवायला लावला. छरे वेगळे केले, दारू वेगळी. नंतर सगळी दारू एका सुपात घेऊन ते मागच्या वाडीत गेले. मी ओटीवरून पाहत होते. मामांना त्यांनी काहीतरी सांगितलं, यात खताचा अंश असतो, झाडांना चालतं, असं काही. मग माडांच्या आळ्यांतून, कारल्याच्या मांडवाखालून, चिमूट चिमूट विखरत गेले. पेरणारा माणूस जसा हात फिरवतो तसा हात फिरत होता. मागून मामा घागरीने पाणी सोडत होते. दुपारचं ऊन झावळ्यांतून खाली येत होतं आणि दोन म्हातारी माणसं त्या कवडशांतून पुढेमागे चालली होती, जणू वर्षानुवर्षं एकाच शेतात राबत आली आहेत. मामांनी काहीतरी टोमणा मारला असावा, कारण काका हसले. त्यांचे दात पहिल्यांदा मी तेव्हा पाहिले.

निघताना मामांनी भोपळा दिला आणि रिकामा डबाही देऊन टाकला.

सोमवारी काका नेहमीच्या वेळी आले. जिल्ह्यांची वर्तमानपत्रं मी टेबलावर काढून ठेवली होती. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कपाटांकडे पाहिलं. स्वतःच लिहिलेल्या त्या पाठी. म्हणाले, “बाई, यातलं वाचायला काय चांगलं आहे?”

पुढे वर्षभर ते पुस्तकं नेत राहिले, प्रवासवर्णनं जास्त. मग मुलाची बदली झाली आणि काका-काकू साताऱ्याला परत निघाले. सामान कमळाकरांच्या टेम्पोत भरलं. मी वाचनालयातून दहा मिनिटांसाठी गेले होते. मागच्या फळीवर डबे रचलेले, प्रत्येकाला जांभळी चिठ्ठी. काकू पुढे बसून कमळाकरांना रस्ता सांगत होत्या, जो त्यांना स्वतःलाच माहीत नव्हता. काका मागे, गादीच्या वळकटीवर, मांडीवर तो एक डबा. त्याची जुनी चिठ्ठी खरवडून काढलेली. घरातली बिनचिठ्ठीची ती एकच वस्तू होती, वर्षभर तशीच.

“ह्येच्यात मीठ बी भरू देत न्हाईत,” काकू पुढून ओरडल्या. “आन टाकू बी देत न्हाईत.”

काकांनी खिशातून पेन्सिल काढली, कागदाचा तुकडा काढला, आणि दोन्ही माझ्यापुढे धरलं.

“तुम्ही लिहा.”

मी पेन्सिल जिभेला लावली. चव कडसर होती. काय लिहायचं ते मला कळलं होतं, मी ‘रिकामा’चा ‘रि’ काढायला घेतला, तोच त्यांनी माझ्या मनगटावर एक बोट ठेवलं, वर्गात मुलांच्या खांद्यावर ठेवायचे तसं. झाकण उघडून डबा माझ्यासमोर तिरपा केला.

“आधी आत बघा,” ते म्हणाले. “मग लिहा.”

मी आत पाहिलं. तळाशी पत्रा होता आणि त्यावर थोडं आभाळ.